झोळी, शैली आणि नाद : सोलापुरातील एका बिनपाटीच्या दुकानाविषयी

सोलापुरात पूजेच्या साहित्याची दुकाने पावलोपावली आहेत आणि गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत तर त्यांत रस्त्यावरच्या पथाऱ्यांची भर पडते; पण संन्याशाला लागणारे साहित्य मिळेल असे दुकान मला गावात एकच माहीत आहे. मधला मारुती परिसरात मुख्य रस्ता सोडून आतल्या बोळात शिरले की कापूर-उदबत्तीच्या दोन दुकानांच्या मध्ये जेमतेम सहा फूट रुंदीचा एक गाळा लागतो. त्याला पाटी नाही. दारावर टांगलेल्या भगव्या झोळ्या हीच त्याची खूण, आणि ‘झोळ्यांचे दुकान कुठे?’ एवढे विचारले की शेजारच्या भांड्यांच्या दुकानातला पोऱ्यादेखील हात करून दाखवतो. यंदाच्या ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत हवे ते हाती येईपर्यंत मला तेथे तीन वेळा जावे लागले. एका खरेदीसाठी तीन खेपा ही एरवी तक्रारीची बाब झाली असती. येथे ती का झाली नाही, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

माझे धाकटे चुलते गिरणीतले काम सुटल्यानंतर काही वर्षांनी नाथपंथाची दीक्षा घेऊन घराबाहेर पडले. आता ते वर्षा-दोन वर्षांतून एकदा आमच्या दारात येतात, तेही ‘अलख निरंजन’ असा पुकारा करून. जो डोळ्यांना लक्ष्य होत नाही आणि ज्याला कशाचा डाग लागत नाही त्याचे नाव घेऊन भिक्षा मागायची, अशी ती रीत आहे. ते उंबरठ्याच्या आत येत नाहीत, आणि ज्यांना आई पूर्वी भाऊजी म्हणत असे त्यांना ती आता महाराज म्हणते. या खेपेस भिक्षा वाढताना माझ्या लक्षात आले की त्यांच्या झोळीचा तळ विरला आहे, त्याला आतून टॉवेलचा तुकडा लावला आहे, आणि गळ्यातल्या काळ्या शैलीचे, म्हणजे लोकरीच्या दोरीचे, पदर जागोजागी सुती दोऱ्याने बांधून घेतले आहेत. त्यांनी काही मागितले नाही. त्यांचा मुक्काम जवळच्याच एका गावी असल्याचे कळले, तेव्हा नवी झोळी आणि नवी शैली नेऊन द्यावी एवढ्याच विचाराने मी त्या बोळात शिरलो.

दुकानाचे मालक सत्तरीच्या पुढचे आहेत आणि घरबारी नाथांच्या घराण्यातले आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी झोळी आणि शैली म्हणताच त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, ‘महाराज औघड आहेत की दर्शनी?’ मला उत्तर देता आले नाही. ‘गळ्यातला नाद शाबूत आहे का?’ नाद म्हणजे शैलीत ओवलेली छोटी शिट्टी; तेही मी पाहिले नव्हते. ‘मग मालक, आधी विचारून या. झोळी कधीही देतो, पण शैली अशी उचलून द्यायची वस्तू नाही.’ पहिल्या भेटीत त्यांनी मला एका रुपयाचीही वस्तू विकली नाही. मात्र अर्धा तास बसवून घेतले आणि ज्या शब्दांनी मी गोंधळलो होतो ते नीट उलगडून सांगितले.

नाथपंथात पहिली दीक्षा झालेला साधक तो औघड. पुढे गुरू त्याच्या दोन्ही कानांची पाळी नव्हे, तर मधला कूर्चेचा भाग दुधारी सुरीने चिरतो, जखमेत कडुलिंबाच्या काड्या घालून ती भरू देतो आणि साधारण चाळीस दिवसांनी त्यांत जाड कुंडले घालतो. या कुंडलांना मुद्रा किंवा दर्शन म्हणतात, म्हणून ती धारण करणारा दर्शनी. लोकांनी त्यालाच कानफाट्या हे नाव दिले. आपण मराठीत ‘नाव पडले कानफाट्या’ असे सहज म्हणून जातो, पण त्या नावामागे एवढी वेदना आणि एवढी शिस्त आहे हे मला त्या बाकावर बसून पहिल्यांदा कळले. कानाच्या त्या जागेतून जाणाऱ्या नाडीचा योगसिद्धीशी संबंध आहे अशी पंथाची समजूत आहे, आणि पूर्वी कुंडलाने कान फाटून तुटला तर त्या योग्याला पंथाबाहेर जावे लागे. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की माझे चुलते औघड आहेत. इतकी वर्षे मी त्यांना पाहतो आहे आणि त्यांचे कान चिरलेले नाहीत हे मला सांगता आले नाही.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. आपल्याकडे भगवी वस्त्रे दिसली की सरसकट ‘गोसावी’ म्हणण्याची पद्धत आहे, पण त्या एका शब्दात निरनिराळी घरे आहेत. गिरी, पुरी, भारती, सरस्वती, तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, पर्वत आणि सागर या दहा नावांचे दशनामी संन्यासी आपली परंपरा शंकराचार्यांकडे नेतात. नाथ आपली परंपरा आदिनाथ शिवाकडून मत्स्येंद्र आणि गोरक्ष यांच्यामार्फत आलेली मानतात. आणि पहाटे डवर वाजवीत भिक्षा मागणारे डवरी गोसावी हे संसारी असूनही नाथांचेच म्हणवतात. सोलापूरकरांना तर हा शब्द गिरणीच्या भोंग्यातून ऐकू आलेला आहे, कारण नरसिंग गिरजी मिलला ज्यांचे नाव मिळाले ते हैदराबादचे सावकार दशनामी गोसावी घराण्यातले होते. ज्या पंथात घर सोडणे हा पहिला नियम त्याच्या नावाची गिरणी असावी, आणि तशाच एका गिरणीतून बाहेर पडलेल्या माणसाने पुढे झोळी घ्यावी, हे मी अण्णांना बोलून दाखवले तेव्हा ते नुसते हसले. बहुधा हा विनोद त्यांनी पूर्वी बऱ्याच जणांकडून ऐकला असावा.

दुसऱ्या खेपेस झोळी घेतली. ती तयार मिळते, पण अण्णा उंची विचारून पट्टा कमी-जास्त करून देतात. कापड मांजरपाटासारखे जाड सुती आहे, काठ आत दुमडून दुहेरी शिवण घातलेली आहे आणि तळाला कापडाचा दुसरा थर आहे, जो मी बाजारातल्या शोभेच्या झोळ्यांत कोठेही पाहिलेला नाही. भिक्षेत कोरडे धान्यही येते आणि ओल्या भाकरीही येतात, म्हणून तळ दुहेरी, असे त्याचे कारण त्यांनी सांगितले. रंग कावेचा आहे. या रंगाची एक कथाही तेथेच ऐकायला मिळाली, ती अशी की पार्वतीने आपल्या रक्तात वस्त्र भिजवून गोरक्षनाथांना दिले आणि तेव्हापासून योग्यांनी तो वर्ण धरला. माझा अनुभव एवढाच, की पहिल्या धुण्यात हा वर्ण झोळीत कमी आणि बादलीतल्या इतर कपड्यांत अधिक उतरला. काव ही माती आहे, ती सुटणारच, हे मान्य. पण घेताना एका वाक्यात सांगितले असते तर घरातला एक पांढरा सदरा वाचला असता. झोळीचे साडेतीनशे रुपये घेतले, आणि कापड व शिवण पाहता मला ते रास्त वाटले.

शैलीची हकिकत वेगळी आहे, आणि हे दुकान खऱ्या अर्थाने कशासाठी आहे ते तिच्यामुळे कळते. घरात श्रावणात नवनाथ भक्तिसाराची पोथी लागते, त्यामुळे ‘शैली, शिंगी, कंथा, झोळी’ हे शब्द लहानपणापासून कानांवर पडलेले होते. धुंडीसुत मालूने शके १७४१ मध्ये पूर्ण केलेल्या या चाळीस अध्यायांच्या ग्रंथामुळेच महाराष्ट्रातल्या घराघरांत नाथ पोहोचले. पण शैली म्हणजे नेमके काय, हे हातात घेईपर्यंत मला ठाऊक नव्हते. ती काळ्या लोकरीच्या बारीक पदरांची, जानव्यासारखी गळ्यात घालायची दोरी असते. तिला खाली एक छोटे वलय असते, त्याला पवित्री म्हणतात. त्याच्या सोबत एक रुद्राक्ष, आणि सर्वांत खाली करंगळीएवढी एक शिट्टी, तोच नाद. जेवणापूर्वी, पूजेपूर्वी आणि गुरूला वंदन करताना ती फुंकायची असते. अण्णांनी आपल्या गळ्यातला नाद फुंकून दाखवला. आवाज शंखासारखा भरदार असेल असे मला वाटले होते, पण तो रानातल्या एखाद्या पाखराने एकदाच साद घालावी तसा बारीक निघाला, आणि बाहेरच्या रिक्षांच्या गोंगाटात विरून गेला.

लोकर दख्खनी मेंढीची असते. ती सांगोल्याकडच्या एका धनगर कुटुंबाकडून येते, जेथे घोंगड्या विणण्याचे काम अजून चालते. लोकर मुळातली काळी असावी लागते, रंगवलेली चालत नाही, आणि काळ्या मेंढ्या कमी होत चालल्यामुळे हे सूत मिळवणे दरवर्षी अवघड होते आहे, असे अण्णा म्हणाले. रंगवलेले आणि मूळ काळे सूत त्यांनी माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. उन्हात धरल्यावर रंगवलेले सूत निळसर दिसत होते; मूळचे सूत टोकांकडे तपकिरी होत गेले होते आणि बोटांना किंचित तेलकट लागत होते. हा फरक दाखवण्यासाठी ते गल्ल्यावरून उठून बोळाच्या तोंडापर्यंत, जेथे ऊन येते तेथवर, माझ्याबरोबर चालत आले. दुकानदारीचे याहून चांगले उदाहरण मला अलीकडे आढळलेले नाही.

नाद मात्र त्यांनी विकला नाही. चुलत्यांचा जुना नाद शाबूत असल्याचे मी सांगताच ते म्हणाले, की तो गुरूने दिलेला आहे, तो बदलायचा नसतो. तुम्ही फक्त सूत न्या, ओवायचे काम त्यांचे ते करतील किंवा गुरुबंधू करतील. परंपरेने हा नाद काळविटाच्या शिंगाचा करीत. सोलापूरपासून जवळ नान्नजच्या माळावर, माळढोकासाठी राखलेल्या अभयारण्यात, काळविटांचे कळप आजही दिसतात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला संरक्षण दिलेले आहे आणि त्याच्या शिंगाचा व्यापार गुन्हा आहे. दुकानात लाकडाचे आणि म्हशीच्या शिंगाचे नाद मिळतात. मी तेथे असताना एका गिऱ्हाइकाने हळू आवाजात ‘अस्सल’ शिंगीची आणि मृगाजिनाची विचारणा केली, तेव्हा अण्णांनी त्याला लोकरीचे आसन दाखवले, आणि तो पुन्हा तेच विचारू लागल्यावर त्याच्याकडे पाठ करून कापराच्या वड्या मोजायला घेतल्या. जे योगी अहिंसेला पहिला यम मानतात त्यांच्या आसनाखाली कातडे कशाला, हा प्रश्न त्या गिऱ्हाइकाने स्वतःलाच विचारायला हवा होता.

काचेच्या कपाटात कुंडले मांडलेली आहेत: काचेची, स्फटिकाची, लाकडाची, भाजलेल्या मातीची. पूर्वी गेंड्याच्या शिंगाचीही करीत. महाविद्यालयात शिकणारा एक तरुण ती छायाचित्रासाठी घ्यायला आला होता, आणि दाबून बसवायच्या चापाची कुंडले आहेत का, असे त्याने विचारले. मला वाटले, आता अण्णा रागावतील. त्यांनी शांतपणे एक कुंडल त्याच्या तळहातावर ठेवले, वजन जाणवू दिले आणि ते कोठे व कसे घालतात ते सांगितले. तरुणाने कुंडल परत केले आणि रुद्राक्षाची एक माळ घेऊन तो निघून गेला. विक्री कमी झाली, पण मला वाटते की अण्णांना तेच हवे होते.

कोपऱ्यात कुबड्या उभ्या करून ठेवल्या आहेत. कुबडी म्हणजे इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी आडवी मूठ असलेली हातभर लांब लाकडी काठी, जिला योगदंडही म्हणतात. मी ती टेकून बसण्यासाठी असावी असे समजत होतो. अण्णांनी मला बाकावर बसवले, कुबडी डाव्या काखेत घट्ट दाबून धरायला सांगितली आणि स्वतः दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. पावसाळी सर्दीने माझी उजवी नाकपुडी बंद होती. भिंतीवरच्या घड्याळात चार-पाच मिनिटे गेली असतील, आणि ती मोकळी झाली. हा काही चमत्कार नव्हे. काखेत दाब पडला की विरुद्ध बाजूचा श्वास मोकळा होतो, हे योग्यांनी फार पूर्वी हेरून ठेवले, आणि जप-ध्यानाला अनुकूल असा स्वर, म्हणजे त्या नाकपुडीचा श्वास, चालू करण्यासाठी ते ही काठी बाळगतात. डावी नाकपुडी इडा, ती चंद्राची. उजवी पिंगळा, ती सूर्याची. आणि दोन्ही सम झाल्या की प्राण मधल्या सुषुम्नेत शिरतो, अशी ही मांडणी आहे. हठयोगातल्या हठ या शब्दाचीही ‘ह’ म्हणजे सूर्य आणि ‘ठ’ म्हणजे चंद्र अशी फोड केली जाते. टाळूच्या वर चंद्र आहे, त्यातून अमृत झिरपते, नाभीपाशी असलेला सूर्य ते गिळून टाकतो आणि म्हणून देह झिजतो. तो झरा वरच्या वर अडवणे हेच साधन, म्हणून पाय वर आणि डोके खाली करण्याची विपरीतकरणी, म्हणून जीभ मागे वळवून टाळूत घालण्याची खेचरी. जे ब्रह्मांडी आहे ते पिंडी आहे, या श्रद्धेवर हा सगळा डोलारा उभा आहे. त्यामुळेच देहाला तुच्छ लेखणाऱ्या इतर विरक्तांच्या मानाने नाथांची देहाविषयीची आस्था मला अधिक गंभीर वाटते. ते देह शिणवतात, पण तो टाकून देण्यासाठी नव्हे, तर पक्का करण्यासाठी. मृत्यूनंतरही त्यांच्यात दहन करीत नाहीत, बसलेल्या स्थितीत समाधी देतात, कारण योगाग्नीत जो एकदा भाजून निघाला त्याला पुन्हा जाळायचे कशाला.

बाकीच्या मालाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. भस्म गोवऱ्यांचे आणि वस्त्रगाळ आहे. चिमटे, त्रिशूळ, डमरू इतरत्र मिळतात तसेच आहेत. कडू भोपळ्याचे तुंबे चांगले वाळलेले आहेत, मात्र त्यात पाणी भरून ते काही दिवस बदलत राहिल्याशिवाय कडवटपणा जात नाही. गल्ल्यामागे दर्याई नारळाच्या करवंटीचे एक जुने खापर, म्हणजे भिक्षापात्र, ठेवलेले आहे, ते विकायचे नाही. अण्णांच्या आजोबांना ते एका फिरत्या साधूने दिले होते. भिंतीवर नवनाथांच्या तसबिरीशेजारी ज्ञानदेवांची तसबीर आहे, आणि पंढरपूरला निघालेले वारकरी तिच्याकडे पाहून ‘हे येथे कसे?’ असे विचारतात. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि आपण स्वतः, अशी परंपरा ज्ञानदेवांनीच ज्ञानेश्वरीच्या शेवटी सांगितलेली आहे, हे अण्णा त्यांना न कंटाळता सांगतात आणि तुळशीची माळही देतात.

दुकानाचे दोष सांगितले नाहीत तर हे लिखाण एकतर्फी होईल. कोणत्याही वस्तूवर किंमत लिहिलेली नाही. पावती मागितली तर वहीचा कागद फाडून देतात. दुपारी एक ते चार दुकान बंद असते, आणि त्याची सूचना कोठेही लावलेली नाही. माझी दुसरी खेप त्यामुळे जवळपास वाया गेली होती आणि मला तीन तास नव्या पेठेत काढावे लागले. सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे दुकानाच्या पुढच्या भागात अण्णांच्या मुलाने मांडलेला रुद्राक्षांचा ट्रे. एकेका मुखाला एकेक ग्रह आणि एकेक आजार वाटून दिलेला तक्ता तेथे टांगला आहे, आणि पाण्यात बुडतो तो खरा रुद्राक्ष, अशी परीक्षा गिऱ्हाइकाला करून दाखवली जाते. ही परीक्षा भरवशाची नाही. जड लाकडाचा कोरीव मणीही बुडतो आणि हलका पण अस्सल रुद्राक्ष तरंगू शकतो. पंचमुखी रुद्राक्ष मुबलक आणि स्वस्त असतात, ते येथून निर्धास्त घ्यावेत. दुर्मीळ मुखांच्या नादी मात्र लागू नये. आतल्या बाकावर एवढा काटेकोर असलेला माणूस पुढच्या ट्रेकडे डोळेझाक कशी करतो, हे मी विचारले नाही. संसारी माणसाला मुलाचेही ऐकावे लागते, एवढे मला समजते.

तिसऱ्या खेपेस शैलीचे सूत मिळाले. आठ पदरी, वळलेले, कागदात गुंडाळून वर लोकरीचाच फेरा दिलेला. त्याचे सहाशे रुपये अण्णांनी माझ्या हातून घेतले, आणि मी निघताना हात जोडून ‘आदेश’ म्हणाले. हे नाथांचे परस्परांना करण्याचे वंदन आहे, आणि त्याला उत्तरही ‘आदेश’ असेच द्यायचे असते, हे मला तोवर माहीत झाले होते. चुलत्यांनी झोळी खांद्याला लावून पाहिली, तळाचा दुसरा थर बोटांनी चाचपला आणि हे कोठून आणले असे विचारले. सूत त्यांनी नाकापाशी नेऊन हुंगले. मी सोबत नेलेली दुसरी झोळी, जी ‘एक असू द्यावी’ म्हणून मी आपण होऊन घेतली होती, त्यांनी न उघडता परत दिली. ती अण्णांनी विनातक्रार बदलून दिली आणि तेवढ्या पैशांत मी आईसाठी पोथीला बांधायचा रुमाल आणि एक लोकरीचे आसन घेतले.

जाणाऱ्यांनी सकाळी अकराच्या आत जावे, तेव्हा अण्णांना बोलायला सवड असते. संक्रांतीच्या आधीचे आठ दिवस टाळावेत, कारण गड्ड्याच्या गर्दीत ते आतल्या बाकावर बसतच नाहीत. शैलीचे सूत हवे असेल तर किमान पंधरा दिवस आधी सांगावे. आषाढीच्या सुमारास मात्र ते मिळत नाही, कारण लोकर कातणाऱ्या बाई वारीला गेलेल्या असतात. नाशिकचा सिंहस्थ जवळ आला की मागणी आणखी लवकर नोंदवावी लागते, कारण कुंभानंतर नाथांची झुंडी त्र्यंबकेश्वरहून पायी मंगळुरूच्या कद्री मठाकडे निघते. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या त्या यात्रेसाठी अण्णा आपले सारे काळे सूत आधीच बाजूला काढून ठेवतात.